सात डबे

महिन्याचा तिसरा रविवार, दुपारी चार.
भायखळ्याला, नौशीर गोटलांच्या दुसऱ्या मजल्यावर,
टेबलावरचं क्रोशाचं कापड घडी करून बाजूला.
त्याच्या नक्षीवर फोटो नीट बसत नाहीत.

अंकुश वेंगुर्लेकर मालगाडीचे गार्ड होते,
अजूनही खुर्चीत बसण्याआधी एकदा मागे वळून बघतात.
ल्योना डिमेलो शाळेत भूगोल शिकवायची,
तिला देश कळतात, इंजिनं कळत नाहीत,
म्हणून ती पाकिटं फोडते, तिकिटं स्वतःकडे ठेवते.
मी बँकेतला. माझं काम एवढंच:
फोटो सांगायचा.

कारण गोटलांना आता दिसत नाही.
काचबिंदूने आधी कडा नेल्या,
मधे चाकाएवढा गोल उरला,
"बोगद्यातून पाठी बघावं तसा," ते म्हणायचे,
मग बोगद्याचं ते तोंडही मिटलं.

पहिल्यांदा मी म्हणालो, छान लाल गाडी आहे, मागे डोंगर.
गोटला हसले.
"डिकरा, छान हा काय रंग नाय.
पँटोग्राफ वर हाय का खाली?
सावली कुठच्या बाजूला पडली?
ड्रायव्हर कोणाकडे बघते?"

त्या दिवसापासून मी बघायला लागलो.
नॉर्वेच्या बर्फ उपसणाऱ्या इंजिनावर
कुणाचा तरी जेवणाचा डबा, उघडा.
मॉरिटानियात खनिजाच्या ढिगावर गोणपाट अंथरून
झोपलेला माणूस, बूट उशाला.
नानू ओयाच्या फलाटावरचं घड्याळ म्हणतं सकाळचे सव्वासात,
सावली म्हणते भर दुपार.
असं काही निघालं की गोटला टेबलावर टिचकी मारतात,
सिग्नल पडल्यासारखी.
पुढचा.

आम्हीही पाठवतो. लोकांना इथलं काय काय हवं असतं!
ओसाकाच्या दंतवैद्याला परळ वर्कशॉपची जुनी भिंत,
वेल्सच्या एका बाईंना नेरळच्या छोट्या इंजिनाची
फक्त वाळूची पेटी.
वेंगुर्लेकरांनी ती पेटी रुमालाने पुसून फोटो काढला.
बाईंनी कळवलं, पुन्हा काढा, पुसू नका.

परवा बोलिव्हियाहून पाकीट आलं. रामिरोचं.
बारा वर्षं तो एकाच वळणाचा फोटो पाठवतोय,
दर वर्षी त्याच दगडावर उभा राहून,
घाट चढून येणारी तीच गाडी.
गोटलांनी त्या वळणाची त्रिज्या काढून ठेवली आहे,
दिसत होतं तेव्हा, पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीने.

यंदा वळण होतं.
गाडी नव्हती. रूळही नव्हते.
खडीत स्लीपरांचे ठसे,
पंगत उठल्यावर पाटांचे उरतात तसे,
आणि मधोमध एक शेळी, कॅमेऱ्याकडे बघणारी.

ल्योनाने माझ्याकडे पाहिलं.
वेंगुर्लेकर चहात बघत राहिले.
"सांग नी," गोटला म्हणाले.

मी सांगितलं.
निळं इंजिन, दरवाजाखाली रंगाचे पोपडे.
धूर डावीकडे, म्हणजे वारा दरीतून.
ड्रायव्हरचं कोपर खिडकीबाहेर, बाही दुमडलेली.
सावली आखूड, बारा-साडेबारा.
इतका तपशील मी खऱ्या फोटोतही कधी दिला नव्हता.
"डबा किती?"
"अकरा."

गोटलांनी बोटाने टेबलावर वळण काढलं.
परत त्याच रेषेवरून बोट नेलं. परत.
खाली रस्त्यावर कुणाचा तरी फ्रीज उतरवत होते,
हळू, हळू, डावीकडे, अरे डावीकडे.

"त्या चढावर अकरा डबा ओढेल
असं इंजिन त्या लोकांकडे कधी नव्हतंच," ते म्हणाले.
"सात बोल."

"सात," मी म्हणालो.

त्यांनी टिचकी मारली.
वेंगुर्लेकरांनी पुढचा फोटो माझ्यासमोर सरकवला.
ल्योनाने त्या पाकिटावरचं तिकीट मात्र
काढलं नाही.